"मामा, एकच मॅच"

सांगलीत काम निघालं म्हणून विश्रामबागेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या भाच्याकडे एक रात्र मुक्काम केला. पावणेदोनला जाग आली तर गडी पालथा पडून मोबाइलवर खेळत होता. मेसचा डबा टेबलावर तसाच, झाकणही न उघडलेला. "झोप की रे," म्हटलं. "मामा, एकच मॅच." पुढे त्या एकाच्या किती झाल्या ते मोजायला मी काही जागा राहिलो नाही.

सकाळी बहिणीचा फोन. "दादा, किती तास असतोय रे हा मोबाइलवर?"

आईबाप हेच विचारतात. पण जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' घातला (2022 च्या जानेवारीपासून तो लागू आहे), त्याच्या व्याख्येत तासांचा आकडाच नाही. खेळावरचा ताबा सुटलाय का, झोप, जेवण, अभ्यास, माणसं या सगळ्यांच्या आधी खेळ येतोय का, नुकसान दिसत असूनही तो चालूच आहे का, एवढं बघतात. तेही साधारण 12 महिने. रील्स आणि सोशल मीडियासाठी तर तिथे वेगळं निदानच नाही. गंमत म्हणजे 1995 मध्ये न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी 'इंटरनेटचं व्यसन' हा आजार चक्क थट्टा म्हणून लिहिला होता. लोकांनी तो मनावर घेतला.

मग ताबा सुटतो कसा? कृष्णेच्या घाटावर गळ टाकून बसलेला माणूस बघा. दर पाच मिनिटांनी नेमाने मासा लागला असता तर तो चार मासे घेऊन घरी गेला असता. कधी लागेल ते ठाऊक नसतं, म्हणून ऊन डोक्यावर आलं तरी हलत नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या कबुतरांचंही तेच झालं: दाणा कितव्या टोचीला मिळेल याचा नेम नसला की ती टोचतच राहत. पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेतली. अनपेक्षित फळाचा रस मिळाला की त्या पेशी उसळत. दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकलं, तेव्हा त्या रसाला नव्हे, दिव्यालाच उसळू लागल्या. आणि अपेक्षा असून रस आला नाही तर थंडावत. डोपामिन म्हणजे 'आनंदाचं रसायन' हे आपल्याकडचं लाडकं वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. पुढे काय मिळणार, याच्या अंदाजाशी त्याचं जास्त नातं. भाच्याचा अंगठा रील संपायच्या आधीच वर सरकतो, तो याचमुळे.

पण सगळा दोष मोबाइलच्या माथी मारणं मला पटत नाही. गावाकडून मराठी माध्यमात बारावी करून पोरगं इंजिनिअरिंगला येतं, पहिल्याच सेमिस्टरला एम-वन (गणिताचा पहिला पेपर) राहतो, वर्गात इंग्रजी कानावरून जातं, घरी सांगायची सोय नाही. गेममध्ये मात्र रात्रीत रँक वाढते आणि चार जण "लॉबीत ये लगा" म्हणून बोलावतात. एकटेपणा, उदासी आधी आणि मोबाइल नंतर, असंही असतं. मग जागरणाने उदासी वाढते आणि चक्र सुरू होतं. अशा वेळी मोबाइल हिसकावून घेतला तर पोराचा उरलासुरला आधारही जातो.

समुपदेशनात आधी हेच शोधतात, की हात मोबाइलकडे नेमका कधी जातो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत यासाठी 2014 पासून खास क्लिनिक आहे. सांगलीत बसून 14416 या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) फोनवर मराठीत, फुकट बोलता येतं.

भाच्याला बोललो तर कळलं, विषय राहिल्याचं त्याने घरी सांगितलेलंच नव्हतं. त्या रविवारी सांगितलं. आता चार्जर बाहेरच्या पॅसेजमधल्या बोर्डाला असतो. परवा विचारलं, जमतंय का?

"काल दोनदा उठलो मामा. पण दुसऱ्यांदा नुसतं पाणी पिऊन आलो."