कुटुंबोपचार

पती-पत्नी किंवा घरातील माणसांना एकत्र बसवून, त्यांच्यातील परस्परव्यवहार बदलण्यासाठी केला जाणारा मानसोपचार. नवरा गप्प बसतो म्हणून बायको चिडते, की ती चिडते म्हणून तो गप्प बसतो? दोघांनाही आपलेच खरे वाटते. दोष कोणाचा, याचा निवाडा उपचारक करत नाही. हा फेरा कुठे मोडता येईल, ते तो शोधतो. निवाड्याच्या अपेक्षेने आलेल्यांची त्यामुळे सुरुवातीला निराशाच होते.

या पद्धतीचा पाया मुख्यतः अमेरिकेत 1950च्या दशकात घातला गेला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी स्किझोफ्रेनियाच्या (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मनोविकाराच्या) रुग्णांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांनाही रुग्णालयात राहायला बोलावून अभ्यास केला. त्यांची ‘त्रिकोणा’ची कल्पना मराठी घरांना नवी वाटणार नाही : दोघांतला ताण असह्य झाला की तिसऱ्याला मध्ये ओढले जाते. सासू-सुनेच्या धुसफुशीत दोघींचे निरोप पोचवणारा मुलगा हा त्याचा नेहमीचा नमुना. अशा वेळी दोघींना थेट एकमेकींशी बोलायला लावले जाते. त्यासाठी आधी तीन पिढ्यांचा नकाशा काढतात. त्यात पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ आणि वैरासाठी नागमोडी रेघ असते. आजोबांनी भावाशी धरलेला अबोला नातवापर्यंत कसा आला, हे कागदावर चटकन दिसते.

अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे कुटुंबोपचारक साल्वादोर मिनुचिन (1921–2017) बोलण्यापेक्षा कृतीवर भर देत. आई आणि मूल चिकटून बसले असतील, तर ते जागा बदलायला सांगत आणि आईवडिलांना शेजारी बसवत. जेवण नाकारणाऱ्या मुलींच्या कुटुंबाबरोबर ते सत्रातच जेवायला बसत. घरातली ओढाताण मग ताटावरच उघडी पडे.

भारतात 1950च्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांजवळ राहू दिले. आपल्याकडे हा इतिहास फारसा सांगितला जात नाही.

स्किझोफ्रेनियात कुटुंबाला सामावून घेतल्यास आजार उलटण्याचे प्रमाण घटते, हे संशोधनात वारंवार दिसले आहे. किशोरवयीनांच्या आहारविकारांतही हा उपचार उपयुक्त ठरतो. जोडप्यांच्या बाबतीत यश म्हणजे संसार टिकणेच असे नाही. मुलांची फरफट न करता वेगळे होणे हेही त्यात येते. काही जोडपी सुधारून पुन्हा जुन्या वळणावर जातात.

कुटुंब न्यायालयातील विवाह समुपदेशकाचे काम मात्र वेगळे आहे. कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 नुसार न्यायालयाला आधी समेटाचा प्रयत्न करावा लागतो आणि समुपदेशक त्याला साहाय्य करतो. दीर्घ उपचार हा त्याचा हेतू नसतो. घरात मारहाण किंवा दहशत असेल तर संयुक्त सत्र धोक्याचे ठरू शकते, कारण तिथे बोललेल्याचा सूड घरी उगवला जातो. म्हणून उपचारक प्रत्येकाशी आधी एकट्याने बोलून घेतो, आणि हिंसा आढळली तर ती सोसणाऱ्याच्या सुरक्षिततेची सोय प्रथम पाहतो.