दाराखालून वाहत आलेलं पिवळं पाणी, आणि वर्षभर कुणाला पत्ता नाही

तारीख ६ मार्च २००६. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात अर्विन म्हणून एक छोटं गाव आहे, तिथे न्यूक्लियर फ्युएल सर्व्हिसेस या कंपनीचा कारखाना आहे, अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांना लागणारं अणुइंधन तिथे बनतं. त्या दिवशी एका सुपरवायझरला दिसलं की एका दाराखालून पिवळा द्रव वाहत बाहेर पॅसेजमध्ये येतोय. ते युरेनियमचं द्रावण होतं, आणि तेही हायली एनरिच्ड, म्हणजे सहज फुटणाऱ्या युरेनियम-२३५ चं प्रमाण मुद्दाम खूप वाढवलेलं. सुमारे ३५ लिटर सांडलं होतं, म्हणजे आपल्याकडच्या पाण्याच्या वीस लिटरवाल्या जारने मोजलं तर जवळजवळ पावणेदोन जार.

कुणालाही इजा झाली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण थोडक्यात वाचले म्हणजे कशातून वाचले हे कळायला थोडं विज्ञान बघायला लागेल.

चुलीतले निखारे पसरून टाकले की विझत जातात आणि तेच निखारे एकत्र ढिगाला लावले की फुलतात, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. युरेनियम-२३५ चं साधारण तसंच आहे. त्याचा एक अणू फुटला की दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि ते शेजारच्या अणूला धडकले की तो फुटतो. द्रावण बारीक नळीत असेल तर बहुतेक न्यूट्रॉन कडेने बाहेर निसटतात, साखळी तुटते. म्हणून अशा कारखान्यात पाईप आणि भांडी मुद्दाम अरुंद ठेवतात, त्यांचा आकार हीच सेफ्टी असते. पण तेच द्रावण एखाद्या खोल खड्ड्यात साचलं तर न्यूट्रॉनना निसटायला जागा कमी पडते आणि साखळी पेट घेते, याला क्रिटिकॅलिटी म्हणतात. बॉम्बसारखा स्फोट होत नाही, पण जवळ उभ्या असलेल्या माणसाला क्षणात रेडिएशनचा जीवघेणा डोस बसू शकतो. जपानमध्ये तोकाईमुरा इथे ३० सप्टेंबर १९९९ ला नेमकं हेच झालं, कामगारांनी युरेनियमचं द्रावण बादलीने एका रुंद टाकीत ओतलं, निळा प्रकाश चमकला आणि पुढे त्यातले दोघे गेले.

अर्विनमध्ये त्या गळतीच्या जवळच लिफ्टचा खड्डा होता. द्रावण तिथे जाऊन पुरेसं साचलं असतं तर निदान एका कामगाराचा जीव गेला असता किंवा त्याला गंभीर इजा झाली असती, असं अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने स्वतःच लिहिलंय.

आणि हे लोकांना कळलं कधी? २००७ मध्ये. एक वर्ष उलटून गेल्यावर! आयोगाला माहीत होतं, कारवाई पण चालू होती, पण २००४ पासून नौदलाच्या इंधनाशी संबंध असलेल्या या कारखान्याच्या कागदांवर 'फक्त कार्यालयीन वापरासाठी' असा शिक्का पडायला लागला होता, अतिरेक्यांच्या हाती माहिती लागू नये म्हणून. हे कारण खोटं नव्हतं, पाणबुडीच्या इंधनाची गुपितं उघडी टाकावीत असं कुणीच म्हणणार नाही. पण गुपितासोबत गळतीची बातमी पण त्याच कपाटात गेली. ती बाहेर आली ती एका जुन्या कायद्यामुळे, १९७४ च्या कायद्याप्रमाणे आयोगाला गंभीर घटनांचा रिपोर्ट दर वर्षी अमेरिकन संसदेला द्यावाच लागतो आणि त्या रिपोर्टमध्ये अर्विन होतं. मग खासदारांनी आयोगाला धारेवर धरलं. कंपनीविरुद्ध जो आदेश काढला होता त्यावर सुनावणी मागायचा हक्क गावातल्या लोकांना होता, पण आदेशच लपलेला म्हटल्यावर हक्क वापरणार कसा? शेवटी कागदांची छाननी करून बरेचसे परत खुले केले गेले.

मला वाईट याचं वाटतं की हाच आयोग एरवी या बाबतीत खूप चांगला आहे. कामकाजाच्या दर दिवशी तो घटनांची यादी नेटवर टाकतो, कुणीही वाचू शकतं. त्यात एक नेहमी दिसणारी नोंद म्हणजे रस्त्याच्या कामावर माती किंवा डांबर किती घट्ट दाबलं गेलंय ते मोजणारं यंत्र, साधारण सुटकेसएवढं, आत चिमूटभर सिझियम-१३७ आणि अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सर्गी पदार्थ, ते पिकअपच्या मागून चोरीला गेलं. चोराला माहीतच नसतं आपण काय उचललंय. मग नोंदीत लिहिलेलं असतं कधी गेलं, कुठून गेलं, यंत्र बांधलेली लोखंडी साखळी कापली होती का, पोलिसांना कळवलं का. यादी बघून लोक घाबरतात की अरे बापरे रोज एवढं घडतंय! माझं म्हणणं उलटं आहे, यादी मोठी असेल तर निदान लोक फोन करून कळवतायत, घटना घडतच नाहीत असं जिथे दाखवलं जातं तिथली भीती मला जास्त वाटते.

आपल्याकडचं उदाहरण दिल्लीच्या मायापुरीचं. दिल्ली विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागात कोबाल्ट-६० चं एक इरॅडिएटर, म्हणजे प्रयोगासाठी वस्तूंवर रेडिएशनचा मारा करणारं यंत्र, १९८५ पासून पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगारात गेलं. कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो, म्हणजे पडून राहिलेल्या त्या पंचवीस वर्षांत ते सत्ताविसाव्या भागाच्या आसपास आलं होतं, पण तेवढंही पुरेसं होतं. भंगारवाल्यांनी ते कापलं. एकाने चमकणारा तुकडा पाकिटात टाकून पँटच्या मागच्या खिशात ठेवला, त्याला तिथेच भाजल्यासारखी जखम झाली. एक कामगार २६ एप्रिलला गेला. अणु दुर्घटना किती गंभीर ते मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय पट्टीवर शून्य ते सात अशा पायऱ्या असतात, मायापुरी चौथ्या पायरीवर मोजलं गेलं, तोकाईमुरा पण चौथ्याच.

आता कळवलं कुणी ते बघा. ना विद्यापीठाने, ना लिलाव घेणाऱ्याने. ७ एप्रिलला एका हॉस्पिटलने कळवलं, पेशंटच्या जखमा बघून डॉक्टरांना शंका आली म्हणून. तोपर्यंत मुंबईत अणुशक्तीनगरला बसलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाला, म्हणजे एईआरबीला, ते यंत्र भंगारात गेलंय याचीच खबर नव्हती. अर्विनमध्ये बातमी सरकारपर्यंत पोचली आणि तिथे अडकली, मायापुरीत ती सरकारपर्यंत पोचलीच नाही. एकदा कळल्यावर मात्र टीम रेडिएशन मोजणारे मीटर घेऊन गल्लीगल्लीत फिरल्या आणि त्या पाकिटासकट तुकडे शोधून काढले.

२०१२ मध्ये कॅगने एईआरबीचा हिशोब तपासला तेव्हा देशातल्या ५७,४४३ मेडिकल एक्स-रे सेंटरपैकी ५२,१७३ लायसन्सशिवाय चालत होती, म्हणजे ९१ टक्के. एक्स-रे मशीन बंद केलं की रेडिएशन थांबतं, ते कोबाल्टसारखं नाही, हे खरं. पण मंडळाच्या यादीतच नसलेल्या मशीनची तपासणी कुणी करत नाही. त्यानंतर रजिस्ट्रेशन ऑनलाइन झालं आणि परिस्थिती सुधारली.

मागच्या वर्षी आईच्या छातीचा एक्स-रे काढायचा होता तेव्हा मी काउंटरवर विचारलं, एईआरबीचं लायसन्स आहे का हो? मुलगी आधी माझ्याकडे बघतच राहिली, मग आत जाऊन टेक्निशियनला विचारून आली, तो एक प्लास्टिकची फाईल घेऊन बाहेर आला आणि त्याने पान उघडून व्हॅलिडिटीच्या तारखेवर बोट ठेवून दाखवलं. म्हणाला, "पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं काका."