आर्ब्रोथ : छत्तीस गोल आणि अकरा इंच

फुटबॉलच्या प्रश्नमंजूषेत आर्ब्रोथ हे नाव एकाच ठरलेल्या प्रश्नाला येतं. ब्रिटनमधल्या अधिकृत वरिष्ठ सामन्यातला सर्वांत मोठा विजय कुणाचा? आर्ब्रोथ ३६, बॉन अकॉर्ड ०. साल १८८५. उत्तर दिलं, गुण मिळाले, पुढचा प्रश्न. त्यानंतरच्या १४० वर्षांत त्या क्लबचं काय झालं, हे विचारायच्या फंदात सहसा कुणी पडत नाही.

२०२२ च्या एप्रिलमध्ये मात्र ते विचारायची वेळ आली. स्कॉटलंडच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, दहा संघ असतात. त्या मोसमात नऊ संघांचे खेळाडू पूर्णवेळ पगारी होते. दहावा आर्ब्रोथ. त्याचे खेळाडू दिवसा नोकरीधंदा करायचे, संध्याकाळी सरावाला यायचे आणि शनिवारी सामना खेळायचे. हा दहावा संघ शेवटचा एक सामना उरेपर्यंत विजेतेपदाच्या शर्यतीत होता. एवढ्या जवळ तो कसा पोहोचला आणि नेमका कुठे कमी पडला, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं. ‘थोडक्यात हुकणं’ ही या क्लबची फार जुनी खोड आहे.

आर्ब्रोथ हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, अँगस भागात, डंडीपासून साधारण २७ किलोमीटरवर आहे. ब्रोथॉक नावाचा ओढा इथे समुद्राला मिळतो, म्हणून मूळ नाव अ‍ॅबरब्रोथॉक. वस्ती चोवीस हजारांच्या आसपास. इथला ख्रिस्ती मठ ११७८ चा. १३२० मध्ये स्कॉटलंड हे स्वतंत्र राज्य आहे असं पोपला ठणकावून सांगणारं पत्र गेलं, ते याच गावाच्या नावाने इतिहासात ओळखलं जातं. पुढे मासेमारी आणि शिडाचं कापड यांवर गाव पोसलं. खाण्यात नाव काढायचं तर ‘आर्ब्रोथ स्मोकी’चं. मीठ लावलेल्या हॅडॉक माशांच्या शेपट्या सुतळीने दोन-दोन बांधायच्या, त्या जोड्या काठीवर टांगायच्या आणि जळत्या लाकडांवर वरून गोणपाट टाकून कोंडलेल्या धुरात शिजवायच्या. हे नाव आसपासच्या ठरावीक पट्ट्याबाहेर कुणाला वापरता येऊ नये, असं संरक्षण युरोपीय संघाने २००४ मध्ये दिलं.

क्लबचं टोपणनावही समुद्रानेच दिलेलं. संध्याकाळी परतणाऱ्या होड्यांना बंदर दाखवणारा एक तांबडा दिवा इथे लागायचा. गावच्या माणसाला त्यावरून ‘रेड लिख्टी’ म्हणू लागले; लिख्ट म्हणजे स्कॉट बोलीत दिवा. फुटबॉल क्लब १८७८ मध्ये निघाला, तेव्हा हे नाव त्याच्याकडे आयतंच चालून आलं. जर्सीचा रंग गडद तांबडा, मरून.

१८८० पासून क्लब गेफील्डवर खेळतो. १९२५ मध्ये मैदान थोडं सरकवून नव्याने बांधलं, पण जागा तीच, उत्तर समुद्राला खेटून. एका बाजूच्या भिंतीपलीकडे सरळ पाणीच. युरोपात समुद्राच्या इतकं जवळ दुसरं स्टेडियम नाही, असं गावकरी छातीठोकपणे सांगतात. उधाणाच्या दिवशी लाटांचे तुषार भिंतीवरून आत येतात. वारा असला की गोलरक्षकाने उंच मारलेला चेंडू मध्यरेषेपर्यंत न जाता माघारी वळतो, आणि कॉर्नर मारणाऱ्याला चेंडू जागेवर ठेवून तो घरंगळायच्या आत मारायची घाई करावी लागते. पाहुण्या संघांना हे मैदान नकोसं वाटतं. तेही साहजिकच आहे.

पण मैदानाने यजमानांनाही एकदा चांगलंच गोत्यात आणलं. १८८४-८५ च्या स्कॉटिश कपमध्ये ग्लासगोचा रेंजर्स इथे आला आणि ४-३ असा हरला. रेंजर्सने घरी तार केली, तिचा मतलब असा की ‘परसातल्या हिरवळीवर हरलो’. मग तक्रार झाली, टेप लावून मैदान मोजलं गेलं. रुंदी किमान ५० यार्ड हवी होती. भरली ४९ यार्ड, २ फूट आणि १ इंच. अकरा इंच कमी! सामना पुन्हा खेळवला गेला आणि रेंजर्सने तो ८-१ असा जिंकला. नियम नियमच असतो, हे मान्य. तरी सात गोल झालेल्या सामन्यात त्या अकरा इंचांनी नेमकं कुणाचं काय बिघडवलं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

त्यानंतर काही महिन्यांतच तो प्रसिद्ध शनिवार उजाडला. १२ सप्टेंबर १८८५, स्कॉटिश कपची पहिली फेरी. तेव्हा लीग नव्हती. स्कॉटिश लीग निघाली १८९० मध्ये. कप हीच मोठी स्पर्धा, आणि तिचं दार मोठ्या-छोट्या सगळ्या क्लबांना उघडं. त्यामुळे मुरलेला संघ आणि कालपरवा जमवलेला संघ पहिल्याच फेरीत समोरासमोर यायचे. अ‍ॅबर्डीनच्या बॉन अकॉर्डचं तसंच झालं. मुळात हा क्रिकेटचा क्लब होता आणि आमंत्रण चुकून त्यांच्याकडे गेलं, अशी एक गोष्ट सांगितली जाते. ती सगळ्यांना मान्य नाही. फुटबॉलची पुरेशी सवय नसलेली, धड साहित्यही नसलेली मंडळी होती, यावर मात्र बहुतेक सांगणाऱ्यांचं एकमत आहे.

पाऊस पडत होता. मध्यंतराला १५-०. नंतरच्या ४५ मिनिटांत आणखी २१. म्हणजे सगळ्या सामन्याची सरासरी धरली तर दर अडीच मिनिटांना एक गोल. त्यात हेही धरा, की तेव्हा गोलला जाळी नसायची. जाळीची युक्ती लिव्हरपूलच्या जॉन ब्रोडी या अभियंत्याला सुचली ती १८८९ मध्ये. म्हणजे प्रत्येक गोलनंतर चेंडू खांबांमागे दूर जायचा, कुणीतरी तो धावत जाऊन आणायचा, मध्यभागी ठेवायचा आणि मग खेळ पुढे सुरू. छत्तीसदा! शिवाय रेफरीने ऑफसाइड म्हणून नाकारलेले गोल वेगळेच. जाळी असती तर आकडा कुठवर गेला असता, याचा हिशेब करत बसणारे लोक आर्ब्रोथमध्ये आजही सापडतील.

त्या ३६ पैकी १३ गोल जॉकी पेट्री या अठरा वर्षांच्या पोराचे. एका सामन्यात एकाच खेळाडूचे तेरा, या आकड्याशी आंतरराष्ट्रीय सामन्यात बरोबरी झाली ती थेट २००१ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या आर्ची थॉम्पसनने अमेरिकन सामोआविरुद्ध केली तेव्हा. आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आर्ब्रोथचा गोलरक्षक जिम मिल्न. त्याच्याकडे चेंडू म्हणे आलाच नाही. एका प्रेक्षकाची छत्री घेऊन, तोंडात पाइप धरून तो उभा होता, असं सांगतात. छत्री खरी की खोटी यावर मी डोकं खपवत नाही. त्या दिवशी त्याच्याजागी कुणीही असता तर त्याने दुसरं काय केलं असतं?

गंमत पुढेच आहे. त्याच दिवशी, तेवढ्याच वेळात, शेजारच्या डंडीत डंडी हार्प संघाने अ‍ॅबर्डीन रोव्हर्सला ३५-० असं हरवलं. रेफरीच्या टिपणात ३७ गोल होते म्हणे. हार्पच्या सचिवाने सज्जनपणे ‘आमच्या मोजणीत ३५ आहेत’ म्हणून सांगितलं, आणि तोच आकडा लागला. हार्पचा टॉम ओकेन हा पूर्वी आर्ब्रोथकडून खेळलेला. आपला विक्रम जुन्या सोबत्यांना ऐकवावा म्हणून त्याने आर्ब्रोथला तार केली, असा किस्सा आहे. उत्तर आलं ते ३६ चं. त्याला वाटलं, मंडळी थट्टा करताहेत. आर्ब्रोथ उभ्या जन्मात थोडक्यात जिंकला असेल तर तो हा असा, ३६-० ने, आणि तोही एका गोलाच्या फरकाने.

जगाचा विक्रम म्हणून हा आकडा ११७ वर्षं टिकला. २००२ मध्ये मादागास्करमध्ये एका संघाने पंचांच्या निषेधार्थ स्वतःच्याच गोलात चेंडू मारत सुटून १४९-० असा निकाल लावला. तो कागदावर मोठा आहे, एवढंच.

३६-० च्या आसपासच्या वर्षांत आर्ब्रोथचा संघ चांगलाच होता, हे लोक विसरतात. गोलरक्षक नेड डॉइग इथेच घडला आणि १८८७ मध्ये आर्ब्रोथचा खेळाडू म्हणून स्कॉटलंडकडून खेळला. पण इंग्लंडने १८८५ मध्ये पगारी फुटबॉलला मान्यता दिली होती. स्कॉटलंडने ती दिली १८९३ मध्ये. मधल्या आठ वर्षांत दक्षिणेकडे पैसा उघड मिळत होता आणि इथे तो घ्यायची सोय नव्हती. छोट्या गावच्या क्लबांची चांगली पोरं भराभर सीमेपार गेली. डॉइग १८९० मध्ये संडरलँडला गेला. रीतसर नोंदणी व्हायच्या आत त्याला खेळवल्याबद्दल संडरलँडचे दोन गुण कापले गेले. तोटा त्यांचा तेवढाच झाला; पुढे त्याच्यासोबत त्यांनी चार लीग विजेतेपदं मिळवली. आर्ब्रोथला त्याच्यासारखा गोलरक्षक परत मिळाला असं काही झालं नाही.

क्लब स्कॉटिश लीगमध्ये आला १९२१ मध्ये. इथून पुढचा इतिहास वर जाणं आणि खाली येणं याचा आहे, आणि त्यातला तपशील वर्षागणिक सांगायचा म्हटलं तर वाचणारा कंटाळेल. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी. आर्ब्रोथ चार वेळा सर्वोच्च श्रेणीत चढला: १९३५, १९५९, १९६८ आणि १९७२. चारही वेळा दुसऱ्या क्रमांकाने. १९५८-५९ मध्ये डेव्ह ईसनने लीगमध्ये ४५ गोल मारले, क्लबचा तो आजवरचा विक्रम, तरी पहिला आला एअर युनायटेड. १९७२ मध्ये तर डंबार्टन आणि आर्ब्रोथ यांचे गुण समान, ५२-५२, आणि गोलफरकावर विजेतेपद डंबार्टनकडे. कपमध्येही तेच. १९४७ मध्ये हार्ट्सला हरवून उपांत्य फेरी गाठली आणि तिथे अ‍ॅबर्डीनसमोर ०-२. रेंजर्सविरुद्धच्या १९५२ च्या कप सामन्याला गेफील्डवर १३,५१० माणसं जमली. तो आकडा आता मोडणार नाही, कारण आजची क्षमता त्याच्या निम्मीच आहे.

सत्तरच्या दशकाचा आधार म्हणजे अल्बर्ट हेंडरसन. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं एकच माणूस प्रशिक्षक. आजच्या काळात एखादा प्रशिक्षक अठरा महिने टिकला तरी नवल वाटतं. त्याच्या हाताखाली १९६६ पासून टॉम कार्गिल खेळला, लीगचे ४४५ सामने. १९७४ च्या फेब्रुवारीत या संघाने ग्लासगोला जाऊन रेंजर्सला ३-२ असं हरवलं. या वेळी कुणी टेप मागितली नाही. पुढच्याच मोसमात संघ तळाला गेला, लीगची फेररचना झाली, आणि सर्वोच्च श्रेणी जी गेली ती आजतागायत परत आलेली नाही.

मधली वर्षं पडझडीची. त्यात एक हसरी आठवण म्हणजे १९९२ ते ९४ मध्ये सेल्टिकचा दाढीवाला दिग्गज डॅनी मॅकग्रेन इथे प्रशिक्षक होता, तेव्हा प्रेक्षक खोट्या दाढ्या लावून, ‘डॅनी मॅकग्रेनची दाढीवाली फौज’ म्हणून मैदानात यायचे. १९९८ आणि २००१ मध्ये संघ खालच्या श्रेण्यांतून वर सरकला. पुन्हा दोन्ही वेळा दुसऱ्या क्रमांकाने. क्लबच्या इतिहासातलं पहिलं लीग विजेतेपद आलं २०११ मध्ये, पॉल शीरिनच्या हाताखाली, तेही चौथ्या श्रेणीचं. स्थापनेला तेव्हा १३३ वर्षं झाली होती. तीन-चार पिढ्या पहिला क्रमांक न बघताच गेल्या, आणि तरी शनिवारी मैदानात येत राहिल्या.

२०१६ मध्ये डिक कॅम्पबेल आला. डोक्यावर सपाट टोपी, इथल्या बोलीत बनेट, आणि मदतीला जुळा भाऊ इयन. २०१७ मध्ये चौथी श्रेणी जिंकली, २०१९ मध्ये तिसरी. खेळाडू अर्धवेळच राहिले. याचा एक फायदा असा, की पूर्णवेळ क्लबांनी नाकारलेल्या, पण बऱ्यापैकी पगाराची नोकरी असलेल्या पंचविशी-तिशीतल्या खेळाडूला दोन्ही मिळून घर नीट चालवता येतं. तो दोन हजार पौंडांसाठी क्लब बदलत नाही. संघ वर्षानुवर्षं तोच राहतो, आणि एकमेकांचा खेळ पाठ होतो. २०१९ च्या मोसमात तिसऱ्या श्रेणीतला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला बॉबी लिन डंडीत कचऱ्याच्या गाडीवर काम करायचा. पुरस्कार मिळाला म्हणून कचरा उचलायचा थांबतो थोडाच?

मग २२ एप्रिल २०२२ ची ती शुक्रवारची रात्र. किल्मार्नॉकच्या मैदानावर आर्ब्रोथ १-० ने पुढे. तसंच संपलं असतं तर गुणतक्त्यात एका गुणाने आर्ब्रोथ वर आणि एकच सामना बाकी. शेवटच्या दहा-बारा मिनिटांत किल्मार्नॉकने दोन गोल केले. मोसम संपला तेव्हा किल्मार्नॉक ६७, आर्ब्रोथ ६५. सर्वोच्च श्रेणीचं एक दार अजून उघडं होतं, प्लेऑफचं. इन्व्हर्नेसविरुद्ध पहिला सामना ०-०. गेफील्डवरच्या दुसऱ्या सामन्यात इन्व्हर्नेसचे दोन खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेले, नऊ जण उरले, तरी ०-०. पेनल्टी शूटआउटमध्ये आर्ब्रोथ ३-५ असा हरला.

कॅम्पबेल २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गेला, आणि त्या मोसमाअखेर क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. पुढच्या वर्षी डेव्हिड गोल्ड आणि कॉलिन हॅमिल्टन या आपल्याच दोन जुन्या खेळाडूंवर जोडीने प्रशिक्षकपद सोपवलं. २०२५ मध्ये त्यांनी तिसरी श्रेणी जिंकून संघ परत चॅम्पियनशिपमध्ये आणला. पहिल्या क्रमांकाने. गेफील्डवर अजूनही बहुतेक प्रेक्षक उभे राहूनच सामना बघतात, आणि मध्यंतर झालं की आपला संघ आता ज्या टोकाला गोल करणार त्या टोकाकडे, समुद्राच्या भिंतीकडेने चालत जातात.