कस्टम विजेटमधील माउस इव्हेंट : दोषशोध

तयार बटण किंवा यादी न वापरता प्रोग्रामरने स्वतः रेखाटलेला पडद्यावरचा घटक म्हणजे कस्टम विजेट. तयार बटणाला आपल्यावर क्लिक झाले हे आपोआप कळते, रेखाटलेल्या चित्राला ते शिकवावे लागते. पवईच्या आयआयटीतील फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची ऑस्डॅग ही पोलादी बांधकामाच्या संकल्पनाची प्रणाली पायथन व पायक्यूटीत (पडद्यावरचे घटक रचण्याच्या क्यूटी या टूलकिटचे पायथन रूप) लिहिलेली आहे. अशा कामांत हा विषय नेहमीचाच.

माउसने काही केल्याची प्रोग्रामला मिळणारी सूचना म्हणजे इव्हेंट आणि त्यावर काय करायचे ते सांगणारा कोड म्हणजे हँडलर. हँडलरमधल्या तर्कात डोके घालण्याआधी इव्हेंट पोहोचतो का, हे एका प्रिंट ओळीने पाहावे. क्यूटीमध्ये बटण न दाबता माउस नुसता फिरवला तर विजेटला ती हालचाल कळत नाही; त्यासाठी माउस ट्रॅकिंग चालू करावे लागते. वर बसवलेल्या विजेटचा रिकामा हँडलरही क्लिक गिळतो आणि खालचा उपाशी राहतो. क्यूटीसारखेच टूलकिट असलेल्या जीटीके ३ मध्ये कोणते इव्हेंट हवेत ते ड्रॉइंग एरियाला (रेखाटनासाठीच्या कोऱ्या विजेटला) आधी सांगावे लागे. २०२० च्या जीटीके ४ ने ती पद्धतच काढून टाकली, त्यामुळे जुना कोड उतरवून घेणारे फसतात.

इव्हेंट येतो पण भलतीकडे लागतो, तेव्हा दोष निर्देशांकांत, म्हणजे जागा दाखवणाऱ्या आकड्यांत, असतो. समजा, पश्चिम रेल्वेची स्थानके समान अंतरावर रेखाटली आहेत आणि चर्चगेट डाव्या कडेला शून्यावर आहे. प्रत्येक क्लिक दोन स्थानके पुढे लागत असेल, तर बाजूच्या पॅनेलची रुंदी वजा करायची राहिली आहे. खिडकी सरकवल्यावर चूकही बदलत असेल, तर विजेटऐवजी अख्ख्या पडद्याचे निर्देशांक वापरले गेले आहेत. पण चर्चगेट बिनचूक, अंधेरीवर क्लिक केले की माहीम आणि बोरिवलीवर केले की विलेपार्ले उजळत असेल, म्हणजे दूर जावे तशी चूक वाढत असेल, तर पडद्याचे स्केलिंग (सगळे मोठे करून दाखवणे) १५० टक्क्यांवर आहे : स्थानकांच्या जागा प्रत्यक्ष पिक्सेलांत मोजल्या आहेत, माउस मात्र तार्किक, म्हणजे स्केलिंगआधीच्या, एककांत बोलतो. प्रोग्रामरच्या १०० टक्क्यांच्या मॉनिटरवर हा दोष कधीच दिसत नाही, म्हणून तो बराच काळ ‘तुमच्याच मशीनचा घोळ’ ठरतो.

ओढण्याच्या क्रियेत बटण विजेटबाहेर सोडले, की विंडोजच्या मूळ एपीआयमध्ये (प्रोग्रामने थेट बोलवायच्या फंक्शनांच्या संचात) सोडल्याचा संदेश हरवतो आणि वस्तू माउसला चिकटून राहते. दाबतानाच माउसचे संदेश आपल्याच विजेटकडे वळवणारे सेटकॅप्चर हे फंक्शन बोलवावे. जावाच्या स्विंग टूलकिटमध्ये दाबण्या-सोडण्याच्या मध्ये हात हलला तर क्लिकचा इव्हेंट येत नाही, म्हणून तिथे जाणकार दाबल्याच्या इव्हेंटवरच काम भागवतात.