वीज पार, उष्णता दारात

इपॉक्सी रेझिन म्हणजे मधासारखं दाट, जवळजवळ पारदर्शक द्रव. त्यात कार्बन नॅनोट्यूबची काळी भुकटी चिमूटभर टाकून नीट घोटली की सगळं शाईसारखं काळंभोर होतं. हार्डनर घालून साच्यात ओतलं की दुसऱ्या दिवशी एक टणक वडी हातात येते. दिसायला निव्वळ प्लास्टिक. तिच्या दोन बाजू पॉलिश पेपरवर घासायच्या, कारण वर रेझिनचा पातळ पापुद्रा असतो, आणि मल्टिमीटरच्या पिना टेकवायच्या. आकडा उमटतो! वजनाने ९९ टक्क्यांहून जास्त प्लास्टिक असलेल्या वडीतून वीज वाहते आहे.

ही किमया नळीच्या अंगकाठीची. षटकोनी जाळीत बसलेल्या कार्बन अणूंचा एकपदरी पत्रा गुंडाळला की नॅनोट्यूब होते. सुमिओ इजिमा यांच्या १९९१ च्या शोधनिबंधानंतर सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. एकपदरी नळीची जाडी साधारण १ नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग), लांबी मात्र त्याच्या हजारपट सहज असते. जमिनीवर गोट्या पसरल्या तर एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत एकमेकींना टेकलेली रांग व्हायला पुष्कळ गोट्या लागतात. लांब काड्या विस्कटून टाकल्या तर थोडक्यात काम भागतं. काजळीसारखे गोल कण मिसळून प्लास्टिक वाहक करायचं तर बऱ्याचदा दहा-पंधरा टक्के काजळी घालावी लागते. नळ्यांच्या बाबतीत टक्क्याचा एखादा अंशही पुरतो. २००३ मध्ये इपॉक्सीवर झालेल्या एका प्रयोगात तर वजनाने ०.००२५ टक्के नळ्यांनीच काम झालं होतं.

हा बदल हळूहळू होत नाही. प्रमाण वाढवत जावं, काहीच घडू नये, आणि एका उंबरठ्यावर वाहकता एकदम कोट्यवधी पटींनी उसळावी, असा प्रकार असतो. अशा उंबरठ्याचं गणित ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली यांनी १९५७ मध्येच मांडलं होतं, तेव्हा नॅनोट्यूब कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. शिवाय नळ्यांनी एकमेकींना टेकायलाच हवं असंही नाही. मधे एक-दोन नॅनोमीटर प्लास्टिक असलं तरी इलेक्ट्रॉन पुंजभौतिकीच्या (क्वांटम फिजिक्सच्या) नियमांनी पलीकडे निसटतो.

आता तीच वडी उष्णतेसाठी तपासू. सुट्या नळीची उष्णतावाहकता ३००० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास मोजली गेली आहे. तांब्याची ४००, इपॉक्सीची जेमतेम ०.२. साधं त्रैराशिक मांडलं तर आकारमानाने १ टक्का नळ्या एकाच दिशेने लावल्यास ३० मिळायला हवेत. अस्ताव्यस्त असल्या तर त्याची तिहाई धरा, म्हणजे १०. प्रत्यक्षात? २००२ मधल्या एका प्रयोगात वजनाने १ टक्का एकपदरी नळ्या घातल्यावर इपॉक्सीची वाहकता सामान्य तापमानाला १२५ टक्क्यांनी वाढली. आकडा भारदस्त वाटतो, पण ०.२ ची सव्वादोन पट म्हणजे ०.४५. अशा बातम्यांत टक्केवारी दिसली की मी आधी मूळ आकडा शोधतो.

असं का व्हावं? एक कारण प्लास्टिकच्याच स्वभावात आहे. ते वीज इतकी कडेकोट अडवतं की विजेला नळ्यांच्या जाळ्याखेरीज वाटच नसते. नळी आणि प्लास्टिक यांच्या विद्युतवाहकतेतला फरक एकावर पंधरा-सोळा शून्यं इतका असू शकतो. उष्णतेच्या बाबतीत हा फरक पंधरा हजार पटींचा. प्लास्टिक उष्णतेचं वाहक म्हणून वाईट, पण सगळीकडून थोडी थोडी झिरपू देतं. त्यामुळे जाळ्याची मक्तेदारी राहत नाही आणि उंबरठ्यावरची उसळीही दिसत नाही.

दुसरं कारण मला जास्त रंजक वाटतं. या नळ्यांतून उष्णता जाते ती मुख्यतः अणूंच्या कंपनांतून. नळी कमालीची ताठ, तिची कंपनं जलद. भोवतीचं प्लास्टिक मऊ, त्याची कंपनं संथ. ताणून बसवलेली तार उशीला टेकवून छेडावी तसं होतं. तार थरथरते, उशीला पत्ता नसतो. दोन पदार्थांच्या सीमेवरच्या या अडथळ्याला कापित्सा रोध म्हणतात. प्योत्र कापित्सा यांनी १९४१ मध्ये तो तांबं आणि द्रवरूप हेलियम यांच्या सीमेवर मोजला होता. एका नळीवरून दुसरीवर जाताना उष्णतेला दर वेळी हा जकात नाका लागतो. नळ्यांना रासायनिक बंधांनी प्लास्टिकशी बांधलं तर सीमा सोपी होते, पण प्रत्येक बंध नळीची जाळी थोडी बिघडवतो आणि तिची स्वतःची वाहकता घटते.

म्हणून नळ्या मिसळलेल्या प्लास्टिकचा, म्हणजे या संमिश्रांचा, पहिला उपयोग झाला तो विजेसाठी: मोटारींच्या इंधननळ्यांत स्थिर विद्युतभार साठू नये, ठिणगी पडू नये यासाठी. उष्णतेबद्दलची निराशा मात्र काहींनी उलटी करून वापरली आहे. तापमानातल्या फरकापासून वीज बनवणाऱ्या पदार्थाला नेमकं हेच हवं असतं: वीज वाहावी, उष्णता अडावी. २००८ मध्ये नळ्या पॉलिमरच्या कणांमधल्या फटींत कोंबून असं संमिश्र केलं गेलं. त्याची विद्युतवाहकता प्रचंड वाढली, उष्णतावाहकता साध्या प्लास्टिकच्या आसपासच राहिली.