द विंडहोव्हर

इंग्रज कवी व जेझुइट या कॅथलिक संघाचा धर्मगुरू जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्झ (१८४४–८९) याचे धार्मिक सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता. उत्तर वेल्समधील सेंट बायनोज या जेझुइट विद्यालयात ईश्वरविद्येचा अभ्यास करीत असताना त्याने ते ३० मे १८७७ रोजी लिहिले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. १८७९ मधील एका पत्रात त्याने या कवितेला आपली सर्वोत्तम रचना म्हटले आहे. तरीही त्याच्या हयातीत ती छापली गेली नाही. त्याचा मित्र राजकवी रॉबर्ट ब्रिजेस याने १९१८ मध्ये काढलेल्या संग्रहातून ती वाचकांपुढे आली. ‘आमच्या प्रभू ख्रिस्तास’ ही अर्पणओळ हॉपकिन्झने मागाहून घातली.

विंडहोव्हर म्हणजे केस्ट्रेल, मराठीत खरुची. हिवाळ्यात हा लहान शिकारी पक्षी महाराष्ट्रातल्या माळरानांवरही दिसतो. वाऱ्याकडे तोंड करून, शेपूट पसरून, पंख झपाझप हलवत तो एकाच जागी तरंगतो. अंग हलते, डोके मात्र स्थिर असते, कारण नजर खालच्या गवतातल्या उंदरावर किंवा टोळावर लागलेली असते. ज्याने हे एकदा पाहिले आहे, त्याला कवितेचा पूर्वार्ध निम्मा समजलेला असतो. पक्षी आधी हवेवर तोलून राहतो. मग लगामाच्या दोरीवर फिरवल्या जाणाऱ्या घोड्यासारखे वर्तुळ घेतो. मग बर्फावर स्केटची टाच वळणातून निसटावी तसा झोकात निघून जातो आणि मोठ्या वाऱ्याला परतवून लावतो. हे सारे पहिल्या एकाच लांब वाक्यात येते. त्यानंतर लपून बसलेले कवीचे हृदय त्या पाखरासाठी हलते, एवढीच अष्टकातली, म्हणजे पहिल्या आठ ओळींतली घटना.

रचना इटालियन कवी पेट्रार्कच्या वळणाची आहे: अष्टक आणि सहा ओळींचे षटक. अष्टकाच्या आठही ओळी ‘-इंग’ ध्वनीवर संपतात आणि त्यासाठी पहिल्या ओळीच्या शेवटी ‘किंग्डम’ हा शब्द ‘किंग’पाशी तोडला आहे. मराठी सुनीत वाचणाऱ्याला हे दोन भाग ओळखीचे वाटतील, छंद मात्र वाटणार नाही. शार्दूलविक्रीडित वृत्तात ओळीला १९ अक्षरे ठरलेली असतात. हॉपकिन्झचा ‘स्प्रंग ऱ्हिदम’ अक्षरे न मोजता आघात, म्हणजे जोर पडणाऱ्या जागा, मोजतो. प्रत्येक ओळीत आघात पाच, पण पहिल्या ओळीत उच्चारातली अक्षरे १० आणि दुसरीत १६. अक्षरागणिक सारखा जोर देऊन वाचले की दुसरी ओळ कोसळते. म्हणून आधी मोठ्याने वाचून, जोर जिथे आपोआप पडतो तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि मगच शब्दकोश उघडावा. ‘ड’च्या दाट अनुप्रासामागे वेल्श काव्यातील ‘कंगहानेद’ या ध्वनिबंधाचा संस्कार आहे. हॉपकिन्झ सेंट बायनोजला असताना वेल्श शिकला होता.

राजपुत्र, राज्य, घोडेस्वार सरदार ही शब्दकळा केवळ शोभेची नाही. जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस याच्या ‘आत्मिक साधने’त ख्रिस्त हा मोहिमेवर बोलावणारा राजा आहे, असे चिंतन करायचे असते आणि प्रत्येक जेझुइट त्या साधनेतून गेलेला असतो.

वाद आहे तो दहाव्या ओळीच्या आरंभीच्या ‘बकल’ या क्रियापदाचा. पट्ट्याच्या बकलासारखे जुळून घट्ट होणे, लढाईसाठी कंबर कसणे, आणि भाराखाली वाकून मोडणे, असे तिन्ही अर्थ इंग्रजीत खरोखरच आहेत. समीक्षक विल्यम एम्प्सनने १९३० मध्ये अनेकार्थतेच्या चर्चेत ही कविता घेतली, तेव्हापासून वाचक यांतला एकच निवडायला धडपडतात आणि तिथेच अडकतात. आमच्या मते उलगडा शेवटच्या तीन ओळींत आहे. त्या वाचून मग मागे यावे. ‘बकल’नंतरचा ‘अँड’ कवीने ठळक मोठ्या अक्षरांत लिहिला आहे: जे घडते त्यातूनच आग फुटते, आधीपेक्षा अब्जावधी पटींनी सुंदर आणि अधिक धोकादायक.

यात नवल काहीच नाही, असे म्हणून कवी दोन पुरावे देतो. पहिला नांगराचा. तासातून, म्हणजे नांगराच्या चरीतून, निव्वळ रेटून चालत राहिल्याने फाळ घासून चकाकतो. पडून राहिलेल्याला गंज चढतो. ‘शिअर प्लॉड मेक्स प्लाउ डाउन सिलियन शाइन’ असे मूळ शब्द आहेत. इथे बहुतेकांची चूक व्याकरणात होते: ‘प्लाउ’ आणि ‘डाउन’ एकत्र धरले की चकाकी मातीला जाते. ‘डाउन सिलियन’ म्हणजे तासातून खाली, असे वाचावे. दुसरा पुरावा निखाऱ्याचा. वरून निळसर, विझल्यागत दिसणारा निखारा पडतो, सोलवटतो, चिरतो आणि आतला सोनेरी-शेंदरी रंग उघडा पडतो. ही भाषा जखमेची आहे, म्हणून क्रूसावरील ख्रिस्त इथे नाव न घेता येतो. मोडणे आणि उजळणे एकाच क्षणी घडते, हे दिसल्यावर ‘बकल’चे तिन्ही अर्थ एकत्र ठेवता येतात.

आग फुटते ती ‘फ्रॉम दी’, म्हणजे ‘तुझ्यातून’; हे कोणाला उद्देशून? पक्षी, कवीचे हृदय आणि ख्रिस्त अशी तीन उत्तरे दिली जातात. ‘ओ माय शव्हालिए’ आणि ‘आ माय डिअर’ ही संबोधने जोडीने ऐकली तर ख्रिस्ताचे पारडे जड होते: आधी सरदाराला मुजरा, मग जिवलगाला हाक. पण पक्षी म्हणजे थेट ख्रिस्त असे समीकरण मांडले की अष्टकातला खराखुरा पक्षी हातून जातो. शेवटची ओळ वाचताना आघात फॉल, गॉल, गॅश, गोल्ड आणि ‘व्हर्मिलियन’मधल्या ‘मिल’वर द्यावेत, आणि ‘गॅश’ व ‘गोल्ड’ यांच्यामध्ये थांबू नये.