क्रिएटिनिन १.० : मोठ्यांना ठीक, मुलाला नाही

चार वर्षांच्या मुलाचा रक्ताचा रिपोर्ट. क्रिएटिनिन १.०, शेजारी छापलेली मर्यादा ०.७ ते १.३. कुठे लाल खूण नाही, म्हणून कागद फाइलमध्ये जातो. पण ती मर्यादा मोठ्या पुरुषाची आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि मूत्रपिंड ते गाळून बाहेर टाकतं. मूत्रपिंड बिघडलं की रक्तातला आकडा चढतो. आणि चार वर्षांच्या पोराचे स्नायू ते किती असणार! म्हणून त्याचा आकडा उंचीशी ताडून पाहावा लागतो. २००९ मध्ये श्वार्ट्झ यांनी सुधारलेलं सूत्र सोपं आहे: उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, ०.४१३ ने गुणा, क्रिएटिनिनने भागा. येणारं उत्तर म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची गती. मूल १०० सेंटिमीटरचं असेल तर ते ४१ येतं. या वयात ते ९०च्या वर हवं. मूत्रपिंडाचं निम्म्याहून जास्त काम बंद पडलंय, आणि कागद मात्र नॉर्मल म्हणतोय. मुंबईत गल्लोगल्ली लॅब आहेत. मुलाच्या रिपोर्टवर वयाप्रमाणे मर्यादा छापणं त्यांना सहज जमण्यासारखं आहे आणि ते व्हायलाच हवं. (मूल फार कुपोषित असेल तर हे सूत्रही फसतं. तेव्हा रक्तातलं सिस्टॅटिन-सी हे दुसरं द्रव्य तपासतात.)

लहानपणी मूत्रपिंड कायमचं बिघडतं ते सर्वाधिक वेळा जन्मजात दोषामुळे. काही मुलग्यांमध्ये मूत्रमार्गात पडदा असतो आणि लघवी मागे तुंबते. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली दिसतात. जन्मानंतर धार बारीक, थेंबथेंब. दुर्बिणीने पडदा कापता येतो, पण मूत्रपिंडातल्या गेलेल्या गाळण्या परत येत नाहीत, कारण नव्या गाळण्या बनणं गर्भाच्या ३६व्या आठवड्याच्या सुमारास थांबतं. मूत्राशयही कडक झालेलं असतं. ते न तपासता नवी किडनी बसवली तर तीही तशीच बिघडते.

जे उरलंय ते टिकवायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे रक्तदाब आटोक्यात ठेवणं. युरोपातल्या ‘एस्केप’ या २००९ च्या अभ्यासात ३८५ मुलं होती, सगळ्यांना रामिप्रिल हे रक्तदाबाचं औषध चालू होतं. एका गटाचा दाब नेहमीच्या मर्यादेत ठेवला, दुसऱ्याचा त्याहून खाली. पाच वर्षांत मूत्रपिंडाचं काम निम्म्यावर येणं किंवा ते पार निकामी होणं पहिल्या गटात सुमारे ४२ टक्के मुलांत घडलं, दुसऱ्यात ३० टक्के. मात्र दाब मोजायला पट्टा मुलाच्या दंडाचा हवा. मोठ्यांचा गुंडाळला की आकडा खोटा कमी येतो.

प्रत्यारोपणात हाच मापाचा प्रश्न उलटा होतो. जिवंत दाता सज्ञानच लागतो. आई, वडील, आणि २०११ च्या कायदादुरुस्तीपासून आजी-आजोबाही. त्यांच्या एका किडनीला मिनिटाला सुमारे ६०० मिलिलिटर रक्ताची सवय असते, तर १० किलोच्या बाळात एकूण रक्तच ८०० मिलिलिटरच्या आसपास. म्हणून तिच्या रक्तवाहिन्या सहसा थेट महाधमनी आणि महाशिरेला जोडतात, आणि रक्तवाहिन्यांवरचे चिमटे सोडण्याआधी बाळाला भरपूर द्रव देतात. दाब पडला की किडनीत गुठळी होते. पुढेही महिनोन् महिने, तहान असो वा नसो, ठरलेलं पाणी द्यावंच लागतं, अनेकदा पोटातल्या नळीने.

नंतरची लढाई टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधाची. लहान मुलांचं यकृत ते झपाट्याने संपवतं, त्यामुळे किलोमागे डोस मोठ्यांपेक्षा जास्त लागतो. त्याची रक्तातली पातळी मोजायची ती पुढच्या डोसच्या अगदी आधी: रात्री ८ ला गोळी, तर रक्त सकाळी ८ ला. कल्याण-विरारहून पहाटेची लोकल पकडून परळच्या रुग्णालयांत येणाऱ्यांची चूक इथेच होते. सकाळची गोळी घरीच दिली जाते, पातळी भलतीच वर दिसते, आणि डोस विनाकारण घटतो. गोळी डब्यासोबत पिशवीत आणायची, रक्त दिल्यावर द्यायची.

क्षयाची शंका आली तर डॉक्टरांना आधी टॅक्रोलिमसचं सांगा. क्षयावरचं रिफाम्पिसिन त्याची पातळी एकदम पाडतं आणि शरीर किडनी नाकारू शकतं. पावसाळ्यातल्या जुलाबात उलट होतं. आतड्याचं अस्तर दुखावतं, औषध जास्त शोषलं जातं, हात थरथरतात, क्रिएटिनिन चढतं. ‘पोट बिघडलंय, औषध उतरलंच नसेल’ म्हणून घरी जादा डोस देऊ नका, मनाने बंदही करू नका. त्याच दिवशी प्रत्यारोपण युनिटला फोन करून पातळी तपासून घ्या.